महायंत्र दंगलीतला लदेण्या

मी एक जुना यंत्रमानव आहे. मित्रांनो, घाबरू नका. पडद्यावर मी सात मजली इमारतीएवढा दिसतो, माझं पाऊल पडलं की जमीन हादरते, आणि तुरीचं उभं शेत माझ्या घोट्याशी येतं. पण ही सगळी पडद्यावरची गोष्ट झाली. प्रत्यक्षात मी एका वितीएवढा आहे. ते तुरीचं शेत म्हणजे हिरवा रंग दिलेला काथ्या होता, आणि ज्या मैदानात मी मोठमोठ्या यंत्रांना अस्मान दाखवलं ते मैदान म्हणजे पत्रा ठोकलेलं एक टेबल.

ते टेबल यवतमाळ जिल्ह्यातल्या महागावात आहे. मोठ्या रस्त्याला लागून खेमसिंग आडे यांचं मोटारी भरायचं दुकान आहे. विहिरीवरची मोटार जळाली की शेतकरी ती इथे आणून टाकतात. खेमसिंग आतली जळकी तार उपसून काढतात, नवी तार भरतात, वार्निश लावतात आणि मोटार पुन्हा पाणी ओढायला लागते. त्यांची मुलगी राखी आयटीआय शिकून त्यांच्या शेजारी बसली. सुरुवातीला गिऱ्हाईक तिच्याकडे मोटार द्यायला कचरायचं. वर्षभरात लोक दुकानात आल्या आल्या विचारायला लागले, पोरगी कुठं गेली?

राखी लहान होती तेव्हा त्यांच्या बंजारा तांड्यावर टीव्ही बघायची. जपानी कार्टून तिच्या आवडीची. त्यात डोंगराएवढे यंत्रमानव एकमेकांशी झुंजायचे. हरेल तो बाहेर, जिंकेल तो पुढच्या फेरीत. ऐन रंगात वीज जायची. बाकीची पोरं हिरमुसून खेळायला पळायची. राखी तशीच काळ्या पडद्यासमोर बसून राहायची आणि उरलेली झुंज मनातल्या मनात पुरी करायची. मोठी झाल्यावरही तिची ती खोड गेली नाही. एक दिवस तिनं ठरवलं की अशी एक मालिका आपण स्वतः करायची. आपल्या जिल्ह्यातली, आपल्या बोलीतली.

या मालिकांना अ‍ॅनिमे म्हणतात हे तिला निकितानं सांगितलं. निकिता तिची कॉलेजातली मैत्रीण, महागावातल्याच बबनरावांची मुलगी. बबनराव कापूस आणि सोयाबीन पेरतात, आणि निकिता एका खासगी शाळेत शिकवते. ती गोष्टी रचण्यात हुशार, आणि तिच्या गळ्यात दहा जणांचे आवाज. चित्रं काढून मालिका करायची तर मोठं कार्यालय आणि शेकडो चित्रकार लागतात, असं दोघींना कळलं. मग राखी म्हणाली की चित्रं नकोत, आपण पुतळे करू. एक फोटो काढायचा, पुतळा केसभर हलवायचा, दुसरा फोटो काढायचा. ते फोटो भराभर पळवले की पुतळा चालायला लागतो.

असा मी जन्माला आलो.

माझी हाडं एका जळक्या मोटारीतल्या तांब्याच्या तारेची आहेत. राखीनं ती तार सोलून, पीळ देऊन पाय केले, पाठीचा कणा केला, पाच-पाच बोटांचे हात केले. छाती म्हणजे जुन्या कंडेन्सरचा डबा. खांद्यावर तेलाच्या डब्याचा पत्रा. तळपायांत तिनं फुटक्या स्पीकरचे लोहचुंबक बसवले, म्हणून मी टेबलावरच्या पत्र्याला घट्ट धरून उभा राहतो. डोळे मात्र तिच्या आईनं दिले. सुखीबाई अजूनही कशिदा काढतात. त्यांनी मोठ्या घेराच्या जुन्या घागऱ्यावरचे दोन बारीक आरसे उसवले आणि राखीच्या तळहातावर ठेवले. ते आरसे बसवले तेव्हा मला पहिल्यांदा जे दिसलं, ते राखीचं वाकून बघणारं तोंड होतं.

माझं नावही त्याच दिवशी पडलं. फार पूर्वी आडे मंडळींचे पूर्वज बैलांच्या पाठीवर धान्य आणि मीठ लादून मुलूख पालथा घालायचे. त्या कामाला लदेणी म्हणायचे. खेमसिंगांनी हे लहानपणी आजोबांकडून ऐकलं होतं. म्हणून मी लदेण्या. ओझं वाहणारा.

निकितानं रचलेली गोष्ट अशी होती. महायंत्र दंगल भरते, आणि तालुक्या-तालुक्यातून एकेक अजस्र यंत्र मानाच्या ढालीसाठी उतरतं. मी त्यातला पहेलवान नव्हतोच. मोडून पडलेल्यांना खांद्यावर टाकून मैदानाबाहेर न्यायचं एवढंच माझं काम. पण महागावच्या पहेलवानाचं इंजीन ऐन वेळी बंद पडतं, पुकारा होऊनही कोणी पुढे येत नाही, आणि मी पाठीवरचं ओझं खाली ठेवून रिंगणात पाय टाकतो.

माझ्या अंगात बाण नव्हते, आग नव्हती, डोळ्यांतून किरण निघत नव्हते. राखीला ते नको होतं. खेमसिंगांनी जवानीत जत्रांमधल्या दंगली मारल्या होत्या. तिनं त्यांनाच विचारलं, डाव दाखवा. दुपारी गिऱ्हाईक नसलं की खेमसिंग दुकानामागच्या खोलीत पोत्यावर उभे राहून ढाक कशी लावायची, कलाजंग कसा टाकायचा ते दाखवायचे आणि राखी मोबाइलवर टिपून घ्यायची. कलाजंग म्हणजे समोरच्याच्या बगलेखाली शिरायचं, त्याला आडवा खांद्यावर घ्यायचा आणि उचलून पाठीवर आपटायचा. ज्याची पाठ जमिनीला लागली तो हरला. खेमसिंग म्हणाले, ओझं वाहणाऱ्याला हाच डाव शोभतो.

मागच्या खोलीत खिडकीला काळं कापड लावून, दोन दिवे पेटवून काम चालायचं. पंखा लावायचा नाही, कारण वाऱ्यानं मैदानातली धूळ उडते. उन्हाळ्यात पत्र्याखाली राखीच्या हनुवटीवरून घाम टपकायचा, पण माझ्या अंगावर तो तिनं कधी पडू दिला नाही. श्वास रोखून ती माझं कोपर केसभर वळवायची, मागे व्हायची, निकिता फोटो घ्यायची. पुन्हा केसभर. अख्खा रविवार खपला तरी मी जेमतेम एक पाऊल टाकलेलं असायचं. मधेच वीज जाऊन आली की दिव्यांचा उजेड बदललेला असायचा आणि सकाळपासूनचं सगळं वाया. राखी चिडायची नाही. मला पहिल्या जागी उभं करायची आणि नव्यानं सुरू करायची.

तांब्याचा एक दोष असतो, मित्रांनो. ते पुन्हा पुन्हा वाकवलं की कडक होतं आणि शेवटी तुटतं. माझे हातपाय किती वेळा तुटले याचा हिशेब मी ठेवला नाही. राखी दर वेळी डाख देऊन, म्हणजे कथील वितळवून सांधा जोडून, मला उभं करायची.

पहिला भाग त्यांनी तांड्यावर दाखवला. पोरं खाली बसली होती, मोठी माणसं मागे हात बांधून उभी. मी मारेगावच्या गासडीशी भिडलो. ही गासडी म्हणजे कापसाच्या गाठीला लोखंडी पट्ट्या बांधलेलं भलंमोठं धूड. निकितानं तिला असा घोगरा आवाज दिला होता की पोरं हसून लोळली. मी वऱ्हाडीत बोललो तेव्हा एक म्हातारा शेजारच्याला म्हणाला, “हा तं आपल्यासारखाच बोलून राह्यला.” मग त्यांनी तो भाग मोबाइलवर सगळीकडे पाठवला. हळूहळू बोरी अरबपासून वणीपर्यंत पोरं मला ओळखायला लागली. भाग निघत गेले, मी एकेक फेरी जिंकत गेलो. दुकानात मोटार घ्यायला आलेला माणूस आपल्या लेकरासाठी माझा फोटो मागायचा. निकिताच्या शाळेत मला काचेच्या पेटीत ठेवलं होतं, तेव्हा रांग फाटकापर्यंत गेली. एक लहान मुलगी पेटीला नाक लावून बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, “एवढासाच?” मला राग आला नाही. ती पुन्हा रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली, हे मी बघितलं होतं.

उपांत्य फेरी जिंकल्यावर माझ्यासमोर एकच पहेलवान उरला. वणीचा भट्टी. कोळशाच्या खाणीतला, काळाकुट्ट, पोटात लाल दिवा पेटलेला. राखीनं त्याचं धड पाण्याच्या पंपाच्या जुन्या लोखंडी पंख्याचं केलं होतं, त्यामुळे तो खरोखरच माझ्या दुप्पट जड होता. दोघींनी सांगून टाकलं की शेवटची कुस्ती होळीला तांड्यावर दाखवू. तांड्यावर होळीएवढा मोठा सण नाही. कामाला मुंबई-पुण्याकडे गेलेली, ऊस तोडायला गेलेली माणसं त्या वेळी जमेल तशी घरी येतात. त्यांच्याबरोबर बाहेर गेलेली पोरंही येतात. त्या पोरांनी फोन करून करून विचारलं होतं, लदेण्या जिंकतो का?

आणि तेव्हाच तो अपघात झाला.

मी तिथे नव्हतो. जे ऐकलं ते सांगतो. पावसाळा संपत आला होता. एका शेतात विहिरीवर नवी तार भरलेली मोटार बसवायला खेमसिंग आणि राखी गेले होते. मोटार साखळीनं खाली सोडायची होती. साखळी खेमसिंगांच्या हातात होती, राखी विहिरीच्या काठावर बसून मोटारीला दिशा देत होती. साखळी निसटली. मोटार एका बाजूला झुकली आणि राखीचा उजवा हात मोटार आणि काठाच्या दगडांमध्ये सापडला.

यवतमाळला शस्त्रक्रिया झाली. मनगटात धातूची पट्टी बसवली. हाड जुळलं, पण बोटांना कंप सुटला. चहाचा कप उचलला तरी बशी वाजायची. डॉक्टरांनी सांगितलं की थोडा कमी होईल, सगळा जाईल असं सांगता येत नाही.

मला एका बिस्किटाच्या डब्यात ठेवलं गेलं. खाली कापूस, वर झाकण. मित्रांनो, डब्यात माझ्यासारख्याला करायला काही नसतं. मी आवाज ऐकत राहिलो. दुकानात मोटारी यायच्या, हातोडीचा आवाज व्हायचा, पण राखीच्या हातातली पक्कड मला ऐकू येत नव्हती. खेमसिंगांनी तिला गल्ल्याजवळच्या खुर्चीवर बसवलं होतं. गिऱ्हाइकाशी बोल, फोन घे, एवढंच काम. तार भरायला त्यांनी दुसरा माणूस ठेवला. तिनं पाना उचलला तरी ते हळूच काढून घ्यायचे आणि म्हणायचे, राहू दे बेटा, मी करतो. सुखीबाई तिचा भात कालवून द्यायच्या. कोणी तिला रागावत नव्हतं, कोणी काही वाईट बोलत नव्हतं. सगळेच जिवाला जीव देणारे. आणि राखी दिवसेंदिवस गप्प होत गेली.

दिवाळीनंतर निकितानं डबा उघडला. तिनं ठरवलं होतं की राखीच्या वतीनं शेवटची कुस्ती आपण पुरी करायची. तिनं मनापासून प्रयत्न केला. पण तिच्या हातात मी बदकासारखा चालायला लागलो. मग खेमसिंग बसले. डाव त्यांना ठाऊक होता, पण त्यांची बोटं मोटारी आवळणारी. भट्टीच्या बगलेत हात घालताना माझा खांदाच तुटून आला. त्यांनी मला तसंच दोन तळहातांवर धरून ठेवलं.

राखी दारात उभी राहून हे बघत होती. ती आत आली. काढलेले फोटो तिनं पळवून बघितले आणि सगळे पुसून टाकले. निकिता दुखावली. म्हणाली की होळी जवळ येत चालली, पोरं वाट बघतात, थोडं कमीजास्त झालं तर काय बिघडतं. राखी म्हणाली की तो लदेण्या नाही, दुसराच कोणी आहे, आणि हा शब्द आपण दिला आहे तर आपणच पाळू. तिनं डाव्या हातात डाख द्यायचं यंत्र घेतलं, माझा खांदा जोडायला बसली. खेमसिंगांनी सवयीनं हात पुढे केला आणि यंत्र घ्यायला लागले.

आडे घरात एकमेकांशी गोरबोलीत, म्हणजे बंजाऱ्यांच्या बोलीत, बोलतात. त्या दिवशी मात्र राखी वऱ्हाडीत बोलली, कारण निकिताही तिथे होती आणि राखीला ते तिच्याही कानावर घालायचं असावं.

राखीनं यंत्र सोडलं नाही. ती म्हणाली, “साखळी तुह्या हातून सुटली, बा. मंग काम माह्या हातातून काहून काढून घेऊन राह्यला?”

अपघातानंतर साखळीचं नाव त्या घरात कोणी काढलं नव्हतं. खेमसिंग खाली पोत्यावर बसले. म्हणाले, “डोळे मिटले का तेच दिसते मले. तुह्यं अजून काही तुटू नये, एवढंच वाटते.”

“तुटलं तं जोडू,” राखी म्हणाली. “पण मले बसवून ठेवू नको.”

खेमसिंगांनी यंत्रावरचा हात काढला. ते उठले नाहीत. राखीनं माझा खांदा जोडला तेव्हा डाख ओघळली, टेंगूळ आलं. ते टेंगूळ आजही माझ्या खांद्यावर आहे. मग त्यांनीच उठून खिडकीचं काळं कापड सारखं केलं.

दुसऱ्या दिवसापासून काम सुरू झालं. पहिल्यांदा राखीनं डावा हात वापरून पाहिला. तो कापत नव्हता, पण त्याला काही कळतही नव्हतं. ती पुन्हा उजव्या हातावर आली. कोपर टेबलावर टेकवून, डाव्या हातानं उजवं मनगट धरून ती माझा हात वळवायची. केसभर वळवायला जायची आणि तो दोन केस वळायचा. कधी मागे जायचा. फोटो पळवून पाहिले तेव्हा मी पडद्यावर थरथरत होतो. नखशिखांत.

राखीनं ते पाहून डोळे बंद केले. निकिता मात्र पडद्याच्या जवळ सरकली. तिनं तो तुकडा पुन्हा लावला. ती म्हणाली की हा घाबरल्यासारखा नाही दिसत, भारी ओझं घेतल्यासारखा दिसतो. राखीला वाटलं, मैत्रीण समजूत घालते आहे. ती म्हणाली, लोकांनी दया करावी म्हणून मी हे करत नाही. मग त्यांनी खेमसिंगांना बोलावलं आणि काही न सांगता तुकडा दाखवला. खेमसिंग दोनदा बघून म्हणाले, “कलाजंगात मोठा गडी उचलला का मांड्या अशाच कापते. ज्याच्या कापत नाई त्यानं उचललंच नाई.”

त्यावर राखीनं कुस्तीच बदलली. आधीच्या गोष्टीत मी चपळाईनं भट्टीला चकवून हरवणार होतो. आता तिनं चपळाई काढून टाकली. आता मी भट्टीच्या बगलेखाली शिरणार, त्याला खांद्यावर घेणार आणि उभा राहणार. बस. सगळी कुस्ती त्या एका उभं राहण्यात. जिथे मला हलवायचं तिथे मी थरथरणार. आणि जिथे स्थिर दिसायचं आहे तिथे राखी मला हातच लावणार नव्हती. हात लावला नाही तर माझ्याइतकं स्थिर कोण असतं? हे तिच्या ध्यानात आलं तेव्हा अपघातानंतर ती पहिल्यांदा हसली.

सगळा हिवाळा असा गेला. दुकानात नवा माणूस होता, पण राखी सकाळी तारही भरायला लागली. वेळ लागायचा. खेमसिंग मागे हात बांधून उभे राहायचे, ते हात त्यांनी पुढे येऊ दिले नाहीत. मला माहीत आहे, त्यांना ते फार जड गेलं. दुपारी सगळे मागच्या खोलीत. सुखीबाईंनी भट्टीच्या खांद्यावर टाकायला तांबड्या कापडाची एक झूल शिवली होती. दर फोटोआधी त्या स्वतः ती झूल सुया लावून सारखी करायच्या, वारा लागल्यासारखी एकेक चूण वळवायच्या.

भट्टीचं वजन मला पेलणारं नव्हतं. म्हणून वरच्या वाशाला नायलॉनचा बारीक तंगूस बांधून त्याला अधांतरी धरलं होतं. तो धागा पुढे मोबाइलवर पुसून टाकायचा होता. मी गुडघे वाकवून त्याच्याखाली शिरलो, त्याला खांद्यावर घेतलं आणि केसाकेसानं उठायला लागलो. अर्धा उठलो होतो. तेव्हा तंगूस तुटला. भट्टीचं सगळं लोखंड माझ्या खांद्यावर आलं आणि माझा डावा पाय गुडघ्यातून मोडला.

मी कोसळायला हवा होतो. कसा कोण जाणे, मोडका गुडघा पत्र्यावर टेकला, दुसऱ्या पायाचा लोहचुंबक घट्ट राहिला, आणि भट्टी माझ्या खांद्यावरच राहिला. खेमसिंग डाख द्यायचं यंत्र आणायला वळले. निकितानं कॅमेऱ्यावरचा हात काढला. होळी अगदी तोंडावर आली होती. पाय जोडायचा तर मला टेबलावरून काढावं लागणार, आणि एकदा काढलं की ती जागा, तो उजेड, ती झूल, काहीच पुन्हा तसं लागणार नव्हतं.

राखी माझ्यासमोर वाकली. मग ती म्हणाली, “याची पाठ लागली नाई अजून. कुस्ती चालू हाये. निकिता, फोटो घे.”

त्या मोडक्या गुडघ्यावर मी ती कुस्ती खेळलो, मित्रांनो. राखीनं मला उठवलं नाही. तिनं मला गुडघ्यावरच एका बाजूला वळवलं, केसभर, पुन्हा केसभर. तिचा हात थरथरत होता, मी थरथरत होतो, माझ्या खांद्यावर भट्टी थरथरत होता. तिच्या मनगटातून कळ जायची तेव्हा ती थांबून हात पोटाशी धरायची. सुखीबाई एकदा म्हणाल्या, उद्या कर बाई. राखीनं नाही म्हणून मान हलवली. कोणी तिच्या हातातून काही घेतलं नाही. शेवटी भट्टीची पाठ मैदानाला लागली. मी त्याला आपटलं नाही. ओझं उतरवतात तसा सावकाश उतरवला. आणि मग राखीनं हात मागे घेतला, आणि मी स्थिर झालो.

होळीच्या आदल्या संध्याकाळी तांड्यावर पांढरं कापड बांधलं. मला प्रोजेक्टरच्या शेजारी स्टुलावर ठेवलं होतं. बाहेरगावची पोरं आली होती, अंगानं वाढलेली. सुरुवातीला गलका होता. मी भट्टीखाली शिरलो तसा तो कमी झाला. माझा पाय मोडला तेव्हा मागे उभ्या असलेल्या बाया पुढे सरकल्या. पडद्यावर मी इतका वेळ थरथरत होतो की एका पोरानं स्वतःच्या मांड्या दोन्ही हातांनी घट्ट धरल्या. भट्टीची पाठ लागली आणि मी स्थिर झालो. निकितानं त्या ठिकाणी एकही आवाज ठेवला नव्हता. मग पोरांनी जो कल्ला केला त्यानं स्टूल हललं.

कोणीतरी राखीला पुढे ओढलं. तिनं सांगितलं की लदेण्या थरथरला तो माझ्या हातामुळे, माझा हात कापतो, आणि पुढच्या मालिकेतले पहेलवानही कापतील. एवढंच बोलून ती खाली बसली. त्यावर तांड्याचे नायक, म्हणजे तांड्याचे प्रमुख, रामधन उठले. त्यांचं वय झालं आहे. ते म्हणाले, मग पुढची लवकर कर, मला बघायची आहे.

आता पुढची मालिका सुरू आहे. त्यात मी नाही. माझा गुडघा डाख देण्यापलीकडे गेला आहे, तांबं पार कडक झालं आहे. मला गल्ल्यामागच्या फळीवर टेकवून बसवलं आहे. कधी माझ्यावर धूळ बसते, कधी आठवडे कोणी पुसत नाही. मोटारींचं काम वाढलं की माझ्याकडे कोण बघणार? मला त्याचं वाईट वाटत नाही. इथून मला मागच्या खोलीचं दार दिसतं आणि आतून राखीचा आवाज येतो. फोटो घे. फोटो घे.

मित्रांनो, मी तुमच्याकडे माझ्यासाठी काही मागत नाही. आमच्यासारख्या जुन्या वस्तू जपाव्यात हे तुम्हाला शाळेत सांगतातच. माझं मागणं वेगळं आहे. तुमच्या घरात कोणाचा हात कापत असेल, आजारानं, वयानं किंवा अपघातानं, तर त्यांच्या हातातलं काम मायेपोटी काढून घेऊ नका. सुईत दोरा ओवायला त्यांना वेळ लागेल. चहा सांडेल. तुमचे हात आपोआप पुढे जातील. ते मागे बांधून ठेवा, जवळ उभे राहा, आणि त्यांनी मागितलं तरच द्या. मी तांब्याचा आणि पत्र्याचा आहे, माझ्यात जीव नाही असं लोक म्हणतात. पण त्या हिवाळ्यात माझ्या अंगात जे बळ आलं, ते एका थरथरत्या हातातूनच आलं होतं.